मोराच्या पोटातला भुसा

आमच्या चादरींच्या शहरातल्या भवानी पेठेत मैनुद्दीनभाईंकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला आत घेतलं नाही. दारातच उभं करून चपलांपासून चष्म्यापर्यंत नीट बघितलं आणि विचारलं,

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. तुमची पाटी बघितली."

"पाटी धा वर्षं लटकलीय. आजच कशी दिसली?"

मला घराच्या दारावर लावायला लाकडात कोरलेलं नाव हवं होतं, बस. पण त्या दोन मिनिटांत माझा मलाच संशय यायला लागला. खरंच, आजच कशी दिसली?

"काय करता?"

"शाळेत शिकवतो."

"कुटल्या?"

शाळा सांगितली, इयत्ता सांगितली, मग त्यांनी दाराची दुसरी फळी उघडली. तेव्हापासून आमची ओळख. आता ओळख म्हणजे एवढीच, की मी आलो की ते फक्त चपला बघतात.

मैनुद्दीनभाईंचा कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली. तिच्याच एका कोपऱ्यातून लाकडी जिना वर जातो, वर संसार. खाली मधोमध त्यांची मशीन. बारीक केसासारखं पातं खालीवर नाचतं आणि त्याच्यापुढे लाकूड फिरवलं की वेली, फुलं, चंद्रकोर, नाव, काय वाट्टेल ते कापून निघतं. भाई तिला शिलाई मशीन म्हणतात. जाळीच्या आतली नक्षी कापायची तर आधी बारीक भोक पाडायचं, पातं सोडवायचं, त्या भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं. एका जाळीला साठ भोकं असली की साठ वेळा. हे ओवायचं काम त्यांच्या बायकोचं, अजीजाभाभींचं. भाईंचे डोळे आता बासष्टीचे झालेत. भाभींचेही झालेत, पण त्या पातं न बघताच ओवतात. नंतर पॉलिशपेपरनं घासायचं कामही त्यांचंच. तीसेक वर्षांच्या संसारात दोघं आमनेसामने बसून बोलले असतील त्याच्या दुप्पट, मधे मशीन ठेवून बोलले असतील.

भाई कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, पण त्यात भेदभाव नाही हे सांगायला हवं. सोमशेखरच्या वखारीत सागवान घ्यायला गेले की ते फळी नखानं खरवडतात, वास घेतात, कानाशी धरून बोटानं वाजवतात, आणि सोमशेखरची पाठ वळली की हळूच जीभ लावतात. सोमशेखर एकदा न वळताच म्हणाला, "भाई, लाकूड हाय ते. लोणचं न्हाय."

"लोणचं असतं तर न चाखता घेतलं असतं."

ह्याच सोमशेखरनं कधीकाळी त्यांना ओलं सागवान दिलं होतं. महिन्याभरात वाळून ते पापडासारखं वाकडं झालं. तेव्हापासून भाईंनी रद्दीवाल्याकडून जुना वजनकाटा आणला. आलेलं लाकूड वजन करून घ्यायचं, आठवड्यानं पुन्हा करायचं, हलकं झालं तर सोमशेखरच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. पुढे सवय इतकी वाढली की कापायच्या आधी लाकूड तोलायचं आणि कापल्यानंतर तयार माल, तुकडे, भुसा, सगळं पुन्हा तोलायचं. का, असं विचारलं तर म्हणाले, "सर, लाकूड बोलत न्हाय. काटा बोलतो."

आणि भुसा? त्याच्यासाठी तर त्यांनी एक वेगळं यंत्रच उभं केलं होतं.

ह्याला कारण आहे. मशीन घ्यायच्या आधी बावीस वर्षं भाई चादरीच्या कारखान्यात मागावर होते. कापसाची कुसळं हवेत तरंगायची, ती केसात बसायची, मिशीत बसायची आणि छातीत बसायची. भाईंचे वडीलही तिथंच. शेवटची पाच वर्षं ते बसूनच झोपायचे. म्हणून स्वतःचा धंदा सुरू केला त्या दिवशीच भाईंनी ठरवलं, माझ्या खोलीत धुळीला थारा न्हाय. भट्टीचा एक जुना पंखा आणला, त्याला ओढायला लावलं. पात्याशेजारून एक नळी निघते, ती निळ्या पिंपात जाते. जाड भुसा पिंपात पडतो आणि बारीक हवेबरोबर वर एका मोठ्या पिशवीत जातो. हवा कापडातून बाहेर, धूळ आत.

ती पिशवी म्हणजे चादर होती. कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकानं ज्याच्या त्याच्या मागावरची शेवटची चादर ज्याला त्याला देऊन टाकली. भाईंच्या वाट्याला मोराची आली. ती त्यांनी दुमडून शिवली ती अशी, की मोर बरोबर पोटावर यावा. पंखा चालू केला की मोर फुगायचा, बंद केला की मलूल होऊन लोंबायचा. अजीजाभाभी त्या यंत्राला सवत म्हणायच्या. "मला विचारत नाहीत जेवलीस का. तिला रोज विचारतात, पोट भरलं का."

मागच्या हिवाळ्यात भाभींना खोकला लागला. साधा, कोरडा. सुंठ झाली, हळद झाली, अक्कलकोटच्या एका वैद्याचं चाटण झालं. खोकला काही जाईना. बोलता बोलता त्या मधेच थांबायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि जिन्याला धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि विचारलं, "घरात धूळ असते का?"

भाईंना वाटलं ह्यानं आपल्याला शिवी दिली.

"डॉक्टरला कुनीतरी सांगितलं असनार," ते मला म्हणाले. "न्हायतर त्याला कसं कळलं आमचा लाकडाचा धंदा हाय ते?"

"भाई, तुमच्या मिशीत भुसा असतो."

"ते सोडा."

त्यांचा मुलगा हारून पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर एकच वाक्य टाकलं. "अब्बा, महिनाअखेरीला मी येतोय. त्या घरात एक तर मशीन राहील, नाहीतर अम्मी."

हे वाक्य ऐकल्यापासून भाई बदलले. पुण्याला जायचं भाभींच्या मनात नव्हतं. त्या एकदाच महिनाभर जाऊन आल्या होत्या. "तिथं लिफ्टमधे खोकलं की माणसं भिंतीला चिकटतात," म्हणाल्या. पण खोकला असा की त्या ठासून 'येणार नाही' म्हणायला गेल्या तरी वाक्य पुरं होत नसे. भाईंना हारूनचाही संशय. "सूनबाईला नोकरी लागली. आता भाकरी थापायला मानूस पायजे की." वर डासांच्या कॉइलचा संशय, भाभींच्या केसांच्या मेंदीचा संशय, शेजारच्या अंबुबाईंच्या बंबाचा संशय. अंबुबाई आंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबात तापवतात आणि बंबात भाईंचाच भुसा जाळतात. दर शुक्रवारी भाई त्यांना एक पोतं भरून देत, बदल्यात शेंगाचटणीचा डबा येई. दोन घरांतला हा व्यवहार वीस वर्षं चालू होता.

त्यातच काट्यानं एक नवीनच गोष्ट सांगितली. भुसा कमी भरत होता.

ह्याची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात अक्कलकोटच्या रुद्रप्पांपासून झाली. त्यांचं तिथं फोटो-फ्रेमचं दुकान. त्यांना छोट्या जाळीच्या चौकटी शेकड्यानं हव्या होत्या, त्याही एमडीएफमधे. ते म्हणजे भुसा दाबून केलेलं पुठ्ठ्यासारखं लाकूड. कापायला लोणी, आणि भुसा निघतो तो मैद्यासारखा. काम वाढलं, तसा काटा बोलायला लागला. बारा किलो माल आत गेला, चौकटी झाल्या इतक्या, तुकडे उरले इतके. पिंपात आणि पिशवीत मिळून जेवढा भुसा निघायला हवा त्यात दर आठवड्याला पाव किलो कमी.

"पाव किलो भुसा!" भाई कुजबुजले. जणू सोन्याची बिस्किटं गेली. "सर, कुनीतरी घ्यून जातंय."

"भुसा कोण चोरेल?"

भाईंनी अंबुबाईंच्या भिंतीकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी अंबुबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. भाई सहज बाहेर आले. मैनुद्दीनभाई सहज बाहेर आले की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावध होतात.

"अंबुबाई, तुमचा बंब हल्ली लई लवकर तापतो म्हनं."

"तापतो की. तुमचं डोस्कं तापतं तसा."

"भुसा पुरतो?"

"तुमी देता तेवढा पुरवती. का वो?"

"न्हाय, सहज."

"तुमचं सहज मला ठावं हाय." अंबुबाईंनी सूप खाली ठेवलं. "परवा माझ्या दारातली माती बोटानं उचलून वास कोन घेत व्हतं? मला वाटलं देवाचा अंगारा समजून लावताय. बोला की तोंडानं, भुसा चोरती म्हनून!"

"मी तसं कुटं म्हनालो?"

"म्हनाला न्हाई. हुंगलं!"

दुसऱ्या दिवशी अर्धं पोतं भुसा भाईंच्या दारात परत आला. वर निरोप, "उशाला घ्या म्हनावं." शेंगाचटणी बंद झाली. अजीजाभाभी दिवसभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. खोकल्या तेवढ्या.

मी एकदा भीत भीत म्हणालो, "भाई, भुसा उडून तर जात नसेल?"

"कुटनं?"

मी मोराकडे बघितलं.

भाई इतके दुखावले, की आधी मशीन बंद केली, मग बोलले. "सर, तुमी शिकलेले हाव म्हनून ऐकून घेतो. ही माझ्या हातची चादर हाय. ह्या चादरीतनं वारा बी विचारून जातो."

महिनाअखेरीला दहा दिवस उरले, तेव्हा त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. चोर सापडला तर हारूनला तोंडावर सांगता येईल की धूळ आमची नाहीच, बाहेरचं माणूस आत येऊन उधळतंय. ह्या तर्कात कुठं भोक आहे हे मी विचारलं नाही. मला साक्षीदार म्हणून बोलावण्यात आलं. "तुमच्या शब्दाला वजन हाय. पोरं रोज ऐकत्यात." पोरं ऐकत असती तर आणखी काय हवं होतं, पण मी गेलो.

शुक्रवार होता. सकाळभर त्यांनी रुद्रप्पांच्या चौकटी कापल्या. साडेबाराला मशीन बंद केली. मग काळ्या सनमायकाचा एक मोठा तक्ता ओल्या फडक्यानं आरशासारखा पुसून दाराच्या आत जमिनीवर पसरला. आत येणाऱ्याला त्याच्यावर पाय दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि काळ्यावर पाऊल उमटल्याशिवाय राहत नाही. भाभींना सांगून ठेवलं, खाली उतरायचं नाही. दाराला दोन कुलपं लावली. वरच्या कडीला सुताचा एक धागा बांधला, जुन्या मागवाल्याची गाठ, ती दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही. मला समोरच्या ओट्यावर बसवलं.

"डोळा हलवू नका."

"पापणी?"

"ती बी कमी."

ते नमाजाला गेले. मी तासभर त्या दाराकडे बघत बसलो. कुणी आलं नाही. अंबुबाई दोनदा बाहेर आल्या आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तरलाबी लागलं का येड?"

भाई परतले. धागा शाबूत. कुलपं शाबूत. दार उघडलं. आम्ही दोघंही उंबऱ्यावर वाकलो. तक्त्यावर एकही पाऊल नव्हतं.

पण तक्ता काळाही नव्हता. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट तपकिरी साय धरली होती. एकसारखी, मऊ, जणू कुणी चाळणीनं चाळली असावी.

"चोरानं पावलं पुसली," भाई म्हणाले.

"पुसली असती तर काळं दिसलं असतं."

भाईंनी पुन्हा वाकून तक्ता बघितला. मग म्हणाले, "पुसून वरनं भुसा शिंपडला."

"म्हणजे चोर भुसा न्यायला आला होता की द्यायला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पहिल्यांदाच संशय नव्हता. त्यांनी तक्त्यावर बोट ओढलं. काळी रेघ उमटली. बोट नाकाशी नेलं. सागवानाचा वास नव्हता, रुद्रप्पांच्या एमडीएफचा, चिकट, डिंकासारखा वास होता. मग ते हळूच सरळ झाले आणि मोराकडे बघत राहिले.

पंख्याचं बटण दाबलं. मोर फुगला. झरोक्यातून दुपारचं ऊन बरोबर त्याच्या पोटावर येत होतं, आणि त्या उन्हात आम्हाला दोघांनाही दिसलं. मोराच्या अंगातून, गळ्यातून, पिसाऱ्यातून बारीक धूर निघत होता. उदबत्तीच्या धुरासारखा. तो वर जात होता, छताला लागत होता आणि जिन्याच्या भोकातून सावकाश वरच्या घरात शिरत होता.

भाईंनी भिंग घेतलं आणि पिशवी अगदी डोळ्याजवळ धरली. बावीस वर्षं त्यांनी धागेच बघितले होते. बराच वेळ बघितलं.

"ही थंडी अडवायला विनली व्हती," ते म्हणाले. "थंडी अडवती. मैदा न्हाय अडवत."

जिन्यावर पावलं वाजली. अजीजाभाभी निम्म्या जिन्यावर येऊन थांबल्या होत्या. हातात भांडी पुसायचं फडकं.

"तुला म्हाईत व्हतं?" भाईंनी विचारलं.

भाभी माझ्यासमोर सहसा मराठीत बोलतात. त्या दिवशी नाही बोलल्या. "बोली थी ना मैं? पिछले गर्मी में बोली. ये चादर छानती नै बोली. दो दिन बात नै करे तुमे. कायकू बोलूं फिर?" मग खोकला आला. कठड्याला धरून तो संपेपर्यंत थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, "फळीवरची भांडी रोज तीनदा पुसते मी. तुम्ही जेवताना ताट बघता, फळी कुठं बघता?"

भाई वर गेले. मी खाली मोरासमोर उभा. पाच मिनिटांनी ते उतरले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची चारही बोटं तपकिरी होती. कपाटाच्या माथ्यावरून फिरवली असणार. त्यांनी पंखा बंद केला, कात्री घेतली आणि पिशवीची सुतळी कापली. मोर खाली आला.

"वीस वर्षं सगळ्यांचं तोललं, सर," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी भाई पोतं भरून अंबुबाईंच्या दारात उभे राहिले. सागवानाचा, स्वच्छ. माफी मागायची त्यांना सवय नव्हती म्हणून नुसते उभे राहिले. अंबुबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळलं.

"काय बघलालाय?" भाई म्हणाले.

"दगड घातलेत का बघती. तुमचं काय सांगावं!" आणि मग आतून डबा आणून त्यांच्या हातात दिला. भाईंनी झाकण उघडून वास घेतला. "हुंगा, हुंगा," अंबुबाई म्हणाल्या, "ते न्हाय सुटायचं तुमचं."

पुढचे आठ दिवस कारखान्यात नुसती ठोकाठोक. ट्रकवाल्या शाकीरनं इंजिनाच्या हवेला लावतात तो कागदी घड्यांचा मोठा फिल्टर आणून दिला. भाईंनी तो उन्हात धरून बघितला, फुंकून बघितला, त्यातून मैदा चाळून बघितला. पंखा आणि पिंप मागच्या बोळात पत्र्याच्या खोक्यात गेले. जिन्याच्या भोकाला झडप आली. भाभींना नाकातोंडाला मास्क आला आणि भाईंनाही. रुद्रप्पांना फोन गेला, एमडीएफ बंद, सागवानात किंवा खोक्याच्या पाइनमधे देतो, दर वेगळा.

"हौदा? खरं का?" रुद्रप्पा पलीकडून म्हणाले. "दुसरं गिऱ्हाईक भेटलं म्हना की सरळ."

"लोकं किती संशय घ्यायला लागलीत, सर," फोन ठेवून भाई मला म्हणाले.

हारून महिनाअखेरीला आला. भाईंनी काळा तक्ता पुसून पुन्हा जमिनीवर पसरला आणि म्हणाले, बघ. हारूननं तो उचलला आणि वर नेऊन कपाटाच्या माथ्यावर ठेवला. "खाली नको. खालचा तुम्ही पुसाल." मी मनात म्हटलं, रक्तातच असतं म्हणतात ते खरं आहे. दोन दिवस मशीन चालली. तिसऱ्या दिवशी हारून स्टुलावर चढला आणि बोट ओढलं. बोटाला अगदी थोडं लागलं. पेठेतल्या कुठल्याही घरात लागतं तेवढंच. भाभी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. छाती साफ व्हायला दिवस लागतील म्हणाले, पण वाटेवर आहे.

हारूननं आईकडे बघितलं. मग म्हणाला, "तक्ता तिथंच राहू दे. दर महिन्याला येऊन मी स्वतः बघणार. बोटभर जास्त दिसलं तर अम्मी माझ्याबरोबर." आणि निघून गेला. भाभींनी त्याला डबा बांधून दिला आणि एवढं वाक्य पूर्ण बोलल्या, "भाकऱ्या कडक आहेत, प्रवासात मोडायच्या नाहीत." मधे खोकल्या नाहीत. भाईंच्या लक्षात आलं. माझ्याही.

मोराची चादर सात पाण्यांतून निघाली. आता ती भाभींच्या अंगावर असते. थंडी अडवते.

मागच्या आठवड्यात माझी ती पाटी एकदाची घ्यायला गेलो. भाई कापत होते, मधेच त्यांनी बटण बंद केलं आणि मान वर करून जिन्याकडे कान दिला. मी विचारलं काय झालं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"वर गेली की दाबून खोकती," ते पुटपुटले. "मला कळू नये म्हनून. तुमी ऐका, तुमचे कान चांगले हाईत."

आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. वर भांडं ठेवल्याचा आवाज आला. नळ वाजला. बाकी काही नाही. एक मिनिट गेलं.

"बघा," भाई म्हणाले, "दाबती."

तेवढ्यात वरून खणखणीत, न अडखळता आवाज आला. "हारूनचे अब्बा! मशीन का थांबली? परत सरांबरोबर चहा प्यायला बसलात का? मला सगळं ऐकू येतं हो!"

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मिशीतल्या मिशीत हसले, आणि घाईघाईनं बटण दाबलं.